पूजेचा पीस

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट हा भांडणाचा विषय होऊन बसला होता. संध्याकाळी पप्पा शेडवरून आले की हातपाय धुवायच्या आधी बातम्या लावायचे. सीमेवर काही गडबड असली की आवाज वाढवायचे. मम्मी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं यायची, टीव्ही बंद करायची आणि परत जायची. रिमोटच्या बटणांच्या फटींत कणीक कायमची वाळून बसली होती.

दोघंही त्या बातम्यांना घाबरायचे, पण वेगवेगळ्या कारणांनी. मम्मीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, तोफखान्यात आहे. तेव्हा तो उत्तरेला कुठंतरी होता. नेमका कुठं, ते फोनवर सांगायचा नाही. सीमेवर काही झालं तर त्यात तो असणार, ही मम्मीची भीती. पप्पांची भीती अशी, की सगळं एकदम शांत झालं आणि सरकारनं हात आखडता घेतला तर आपल्या ऑर्डरचं काय?

असं लिहिलं की पप्पा वाईट वाटतात. ते तसे नाहीत. रस्त्यात कुत्रं गाडीखाली आलं तरी त्या दिवशी नीट जेवत नाहीत. पण शेड चालवायची होती.

चाकणजवळच्या कुरुळीतली आमची बरीचशी जमीन कंपन्यांना गेली. उरलेल्या तुकड्यावर पप्पांनी पत्र्याची शेड बांधली आणि लेथ टाकले. मी शाळेत होते तेव्हापासून तिथं मोटारसायकलच्या इंजिनाचा एक भाग बनायचा. त्याचे बाद झालेले पीस आमच्या घरभर आहेत. एक दार आपटू नये म्हणून, एक पापडांवर वजन म्हणून. मग विजेच्या गाड्या आल्या. गाडीत इंजिनच नाही म्हटल्यावर त्याचा भाग कोण घेणार? आधी एक पाळी बंद झाली. मग दुसऱ्या पाळीतही माणसं मशीन पुसत बसायला लागली. याच सुमारास ऑनलाइन विकायचा माल ठेवायला गोडाऊन शोधणारा एक दलाल येऊन शेडची लांबीरुंदी मोजून गेला. भाडं चांगलं देणार होता. त्याला मशीनही नको होत्या आणि माणसंही.

मी तोवर शिक्षण संपवून शेडच्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये बसायला लागले होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मोठ्या कंपन्यांना मेल लिहिणं आणि मालाची तपासणी ही कामं माझ्याकडं आली. मेल मी छान लिहिते. बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते, मग भाषा कुठलीही असो. केबिनची काच मला आवडायची. आतून सगळं दिसतं आणि बोलावं लागत नाही.

त्या काचेतून मी पप्पांना बदलताना पाहिलं. एका मोठ्या कंपनीला तोफगोळ्यांचं काम मिळालं होतं. सरकार म्हणत होतं, बाहेरून आणायचं नाही, इथंच बनवा. गोळ्याच्या टोकाशी बसणारा पेरूएवढा एक पोलादी भाग ती कंपनी लहान शेडवाल्यांकडून करून घेणार होती. खूप खेटे घालून पप्पांनी त्याची पहिली ऑर्डर मिळवली, चाचणीपुरती. पास झाली तर पुढं वर्षानुवर्षांचं काम.

त्याआधी पप्पांचं राजकारण म्हणजे नाशिक रस्ता. मोशीपासून चाकणपर्यंत गाड्या कशा तुंबतात, खड्डे कसे तसेच राहतात, वीज कशी जाते, यावरून ते कुठल्याही सरकारला सोडायचे नाहीत. बजेटच्या दिवशी गाड्यांवरचा कर काय झाला तेवढं ऐकून टीव्ही बंद करायचे. आता ते बजेटचं भाषण शेवटपर्यंत ऐकायला लागले. संरक्षणाला किती दिले, हा आकडा येईपर्यंत चहासुद्धा घ्यायचे नाहीत. शेडवाल्यांच्या त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पूर्वी खड्ड्यांचे फोटो यायचे. आता तोफांचे आणि झेंड्यांचे यायला लागले. त्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना तसलीच कामं मिळाली होती, किंवा मिळतील अशी आशा होती.

"आवो, गावच्या दवाखान्याला डॉक्टर नाही, त्याचं काय?" मम्मी एकदा म्हणाली.

"ते बघू नंतर. आधी देश."

"देश की शेड?"

"आता दोन्ही एकच हाय," पप्पा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेच मला विचित्र वाटलं. कुणी त्यांना पटवून दिलं नव्हतं. काम आलं, आणि कामामागून मत चालत आलं. मीही फार वेगळी नव्हते. शस्त्रसंधी झाली अशी बातमी आली की मामासाठी मला हायसं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये शिरताच मी आधी मेल उघडून बघायचे, ऑर्डर आहे ना अजून.

मम्मीचं माहेर देहूरोडचं. तिचे वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिच्या लहानपणी सगळी वस्ती भोंग्यावर उठायची. शांतता असो की लढाई, पगार ठरल्या तारखेला व्हायचा. म्हणून पप्पांची घालमेल तिला कळायची नाही. "आमच्याकडं असं बातम्या बघून काम येत न्हवतं," असं म्हणायची. पप्पा म्हणायचे, "तुझ्या बापाला सरकार पोसत होतं. मला कोण पोसणार?"

शेडमध्ये सगळ्यांत जुना माणूस म्हणजे मिस्त्री. पहिला लेथ आला तेव्हापासून ते आहेत. आमच्याच गावचे. पन्नाशी उलटलेली, एका कानानं कमी ऐकू येतं. नव्या कामासाठी मी नियम केला होता, की पीस बाहेरून थर देऊन आला की उघड्या हातानं शिवायचा नाही, पांढरे हातमोजे घालायचे. या पिसावर गंज चढू नये म्हणून एक काळपट थर देतात. तो थर फार शोषक असतो, घामाचासुद्धा डाग धरतो. मिस्त्रींना हे मोजे म्हणजे मोठी गंमत वाटायची.

"ताई, नवरीला नेतेत असं नेतो बगा एकेकाला," मोज्यांचे हात वर करून ते म्हणायचे. तंबाखू मळायच्या वेळी मोजे काढून खिशात घालायचे, ते अर्धे बाहेर लोंबत राहायचे.

पप्पांनी एके दिवशी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. "कंपनीचे तपासणीचे सायेब दसऱ्यानंतर येणार. लॉट पास झाला तर शेड चालू. न्हाई झाला, तर मी गोडाऊनला देणार. मला आता वढवत न्हाई." तरुण पोरांना चाकणमध्ये कुठंही काम मिळालं असतं. सगळे मिस्त्रींकडं बघत होते, आणि मिस्त्री हातातला पाना पुसत होते.

लॉट दसऱ्याच्या आधी तयार झाला. थर देऊन परत आला. मी स्वतः एकेक पीस पाहिला आणि ट्रेमध्ये लावून झाकला. उरलं होतं ते एवढंच, की मोजमापाचं गेज भोसरीला तपासायला दिलं होतं ते आणायचं. खंडेनवमीच्या सकाळी मी ते आणायला निघाले. पूजेपर्यंत परत येईन असा हिशेब होता. येताना मोशीच्या अलीकडं अडकले. एक कंटेनर रस्त्यात आडवा झाला होता. ज्या रस्त्यावरून पप्पांनी आता भांडायचं सोडलं होतं, तोच. मी रिक्षात बसून गेजची पेटी मांडीवर धरून होते. मम्मीचा फोन आला. "मुहूर्त टळतोय, सुरू करतोय आम्ही."

"करा," मी म्हटलं.

शेडवर पोचले तेव्हा आरती झाली होती. झेंडूच्या माळा, उदबत्तीचा धूर, सगळ्या लेथवर हळदीकुंकवाची बोटं, पाने-पकडी पाटावर ओळीनं मांडलेल्या. दरवर्षी असंच असतं. त्या दिवशी मशीन चालवायच्या नाहीत, हत्यारांना विसावा. पोरं पेढे खात होती. मिस्त्रींनी मला बघितलं आणि चेहरा उजळून म्हणाले, "ताई, या! यंदा खरी पूजा झाली बगा."

त्यांनी बोट दाखवलं तिकडं मी पाहिलं. दोन ट्रे उघड्या होत्या. प्रत्येक पिसाच्या माथ्यावर ओल्या हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. काही ठिकाणी ओघळ खाली आला होता. वर झेंडूच्या पाकळ्या.

"इतकी वर्सं आमी पाना-पक्कड पुजली," मिस्त्री सांगत होते. "आज शस्त्राचा दिवस. घरात खरं शस्त्र आलंय, अन् त्याला झाकून ठिवायचं व्हय?" आणि मग अभिमानानं, "मोजे घातले व्हते मी, वहिनींनी लावलं तवा."

म्हणजे बोटं मम्मीची होती. ती निरांजनाचं ताट घेऊन तिथंच उभी होती. माझ्या चेहऱ्याकडं बघून तिच्या लक्षात काहीतरी आलं. "तुझ्या मामाच्या हातात जाणार ना हे," ती म्हणाली, "म्हणून मी..."

मी एक पीस उचलला. मोजे न घालता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. रुमालानं हळद पुसली. हळद निघाली, डाग राहिला. त्या काळपट थरानं पिवळा रंग पिऊन घेतला होता.

"थिनर आण रे!" पप्पांना एका क्षणात कळलं होतं. त्यांनी स्वतः दोन पीस थिनरनं घासले. हळदीबरोबर थरही गेला आणि खालचं पोलाद चकाकायला लागलं. ते आणखी वाईट दिसत होतं. पप्पांनी फडकं टाकून दिलं. मिस्त्रींनी मोजे काढून हातात गोळा करून धरले होते.

"हे सगळ्यांत खाली घाल," पप्पा हळू आवाजात मला म्हणाले. "वरून चांगले लाव. सायेब काय सगळे बघत न्हाईत. मोटारसायकलच्या वेळी न्हाई का..."

"पप्पा, हे मोटारसायकलचं नाही."

"म्हणून काय झालं? पोरं घरी घालवू? मिस्त्रींना घालवू?"

मम्मीनं ताट खाली ठेवलं.

"आवो, थर गेला तर काय होतं?" तिनं मला विचारलं नाही, पप्पांना विचारलं.

"गंज धरतो."

"मग?"

"मग काय, बसत न्हाई नीट. अडकतं."

"कुठं अडकतं?"

पप्पांनी खाली पडलेलं फडकं उचललं. मम्मी म्हणाली, "माझा भाऊ आहे तिकडं. मी लावलेल्या हळदीनं त्याच्या हातात काही अडकायला नको. शेड द्या गोडाऊनला. मी कुरडया विकीन." एवढ्या माणसांसमोर ती पप्पांना असं कधी बोलली नव्हती. तिचे हात अजून पिवळे होते.

पप्पा लेथला टेकले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कर फोन सायेबांना."

केबिनमध्ये जाऊन मी आधी मेल लिहायला घेतला. इंग्रजीत ते वाक्य फार सभ्य होत होतं. वाचणाऱ्याला कळलंच नसतं की काय झालंय. मी तो पुसून टाकला आणि नंबर लावला. काचेपलीकडं सगळे उभे होते, माझे ओठ बघत.

साहेबांना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. उंच, केस तेल लावून बसवलेले, हसणं नाही. फोनवर पाठीमागं घंटा वाजत होती. त्यांच्याकडंही पूजा चालली असावी. मी सगळं सांगितलं. कुठल्या ट्रे, काय लावलं, कुणी घासलं, कशानं. मम्मीचं नाव मात्र घेतलं नाही, "आमच्याकडून" म्हणाले. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं,

"बाकीच्या ट्रे उघडल्या?"

"नाही सर."

"आता काही पुसू नका. धुऊ नका. जसं आहे तसं ठेवा. मी ठरल्या दिवशी येतो."

फोन बंद. काचेपलीकडून मिस्त्रींनी हातानं विचारलं, काय? मी खांदे उडवले. खरंच कळलं नव्हतं.

दसरा आमच्याकडं कुणाला गोड लागला नाही. लोक आपट्याची पानं घेऊन आले, सोनं घ्या म्हणाले, आम्ही घेतलं. मामाचा फोन आला. मम्मी त्याला म्हणाली, "सगळं बरं आहे," आणि तोही तेच म्हणाला. दोघंही खोटं बोलत असणार असं मला वाटलं. पप्पांनी संध्याकाळी टीव्ही लावला नाही.

ठरल्या दिवशी साहेब आले ते सकाळीच. मिस्त्रींनी त्यांच्यापुढं आपट्याचं पान धरलं, ते त्यांनी खिशात ठेवलं आणि कामाला लागले. आधी झाकलेल्या ट्रे. पिसामागून पीस, गेज लावत, उजेडाकडं धरत. मी शेजारी उभी राहून विचारतील ते सांगत होते. माझा आवाज चिरकत होता, पण येत होता. पप्पा शेडच्या दारात, रस्त्याकडं तोंड करून. शेवटी साहेब त्या दोन ट्रेपाशी आले. वाळलेल्या पाकळ्या तशाच होत्या. त्यांनी एक पाकळी चिमटीत उचलून बाजूला ठेवली.

"तुमच्याकडं पूजेचा पीस नाही?" त्यांनी विचारलं.

आम्हाला कुणालाच कळलं नाही.

"अहो, प्रत्येक कारखान्यात असतो. मी जिथं जिथं काम केलं तिथं होता. एक बाद पीस काढून ठेवायचा, त्याला आरपार भोक पाडायचं, म्हणजे तो चुकून मालात जाणार नाही. खंडेनवमीला हळद-कुंकू, नारळ, काय ते त्याला. मालाला हात नाही." मग मिस्त्रींकडं बघून, "पहिल्या वर्षी सगळीकडं होतं हे. आमच्याकडं एकानं शेंदूर लावला होता, तेलातला."

"मग सायेब?" मिस्त्रींनी विचारलं. "लॉट?"

"बाकीचा पास आहे. या दोन ट्रेचा थर काढून पुन्हा द्या. खर्च तुमचा. मी परत बघीन. थिनरवाले दोन बाद." आणि माझ्याकडं वळून ते जरासं हसले. "सगळ्यांत खाली घातले असते तर मला सापडले असते. मी खालूनच बघतो. मग मात्र सगळा लॉट परत पाठवला असता."

पप्पांनी हे दारातून ऐकलं. ते आत आले नाहीत. बाहेर जाऊन नळ सोडून तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि मग आत येऊन साहेबांना म्हणाले, "सायेब, च्या तरी घ्या." गोडाऊनच्या दलालाला त्यांनी त्याच दुपारी फोन करून नाही सांगितलं. ते करताना ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की मिस्त्रींनाही दोन्ही कानांनी ऐकू गेलं असावं.

थर पुन्हा दिला, ते पीसही पास झाले, पुढची ऑर्डर आली. हे सगळं आता झालेलं आहे, म्हणून मला शांतपणे लिहिता येतं. पप्पा अजून बातम्या बघतात, पण आवाज कमी ठेवून. परवा पुन्हा नाशिक रस्त्यावरून कुणाला तरी फोनवर झापत होते. ते ऐकून मला फार बरं वाटलं. मामा सुट्टीवर येऊन गेला. मी त्याला हे काही सांगितलं नाही. मम्मीनं सांगितलं असेल.

साहेब गेले त्या संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. मिस्त्रींनी थिनरनं घासलेल्या दोन पिसांतला एक ड्रिलखाली धरला आणि आरपार भोक पाडलं. गरम चुरा खाली पडला. पीस थंड झाल्यावर त्यांनी तो देवाच्या फोटोखाली फळीवर ठेवला, मोटारसायकलच्या एका जुन्या बाद पिसाशेजारी. मम्मी ताट घेऊन आली होती. तिनं तो उचलला, भोकातून पलीकडं बघितलं.

"हा आता कधीच जाणार नाही ना तिकडं?"

"न्हाई वहिनी. ह्यो हितलाच."

मग तिनं त्याला हळद लावली. सावकाश, बोट पूर्ण भरून, ओघळ येऊ देत. मिस्त्री शेजारी हात जोडून उभे होते. खिशातून पांढरे मोजे लोंबत होते.

"ताई," ते माझ्याकडं बघून म्हणाले, "घालू का?"

आणि मी, काचेच्या या बाजूला सगळ्यांमध्ये उभी राहून, मोठ्यानं हसले.